चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी आलेली फिबा

इंग्रजांशी तह होऊन सहा आठवडे झाले होते, आणि त्या सहा आठवड्यांत न्यार्कोमामाने डोक्यावरची टोपी एकदाच काढली होती, तीही उवा झाल्या म्हणून. टोपी गव्हर्नराने पाठवलेली. काळी, कडक, चांदीच्या किनारीची. त्याआधीची वीस वर्षं मामाने डोक्याला फक्त झाडपाला बांधला होता, आणि त्या झाडपाल्याच्या जोरावर जमैकाच्या या डोंगरांतून तीन इंग्रज पलटणी रडकुंडीला आणून खाली पाठवल्या होत्या. पण झाडपाल्याला चांदीची किनार नसते. टोपीबरोबर 'कॅप्टन' ही पदवीही आली होती. ज्यांना हरवलं त्यांनीच ती दिल्यामुळे मामाला ती जास्तच पटली होती.

टोपीबरोबर टॉलिव्हर साहेबही आला होता. तहाच्या कुठल्याशा कलमात लिहिलं होतं म्हणे, की आमच्या तीनबोटी गावात एक गोरा माणूस कायम राहील आणि दोन्ही बाजूंचं सख्य सांभाळेल. तो सहा आठवडे जाळीच्या झोळीत पडून सख्य सांभाळत होता. डासांनी त्याचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फोडून काढले होते, आणि तो ते सारखे खाजवत असे.

आज याबाचा दिवस होता. याबा म्हणजे आमच्या घराण्याची मूळ बाई. इंग्रजांनी हे बेट घेतलं तेव्हा तिचा स्पॅनिश मालक होडीत बसून पळाला आणि याबा उठून डोंगरावर आली. म्हणून आमच्याकडे आजही ठासून सांगतात की आम्ही पळालो नाही. पळाला तो मालक. आम्ही होतो तिथेच राहिलो, फक्त जरा वर.

नंतर जे आले त्यांनीही आपापली सोय अशीच लावून घेतली आहे. मामाच्या बायकोच्या, बेनेबामामीच्या, माहेरची माणसं वीस वर्षांपूर्वी उसाची गिरणी पेटवून आली. ती म्हणतात, गिरणीच उरली नाही तर कामावर कुठे जाणार, म्हणून निघालो. मामाचा भाचा अनाने, त्याचा बाप गुलामांच्या जहाजावरून उडी मारून आला होता. त्याचं म्हणणं असे की तो उतरला, बंदर तेवढं अजून यायचं होतं. थोडक्यात, आमच्यातला जो तो राहिलेला, निघालेला किंवा उतरलेला आहे. पळालेली असतात ती दुसऱ्यांची माणसं.

आणि यंदा नेमकी घरात एक पळालेली मुलगी होती.

*

मान्साअक्का न्यार्कोमामाची थोरली बहीण. आमच्याकडे घर आईकडून चालतं, त्यामुळे टोपी भावाच्या डोक्यावर असली तरी चूल, थडगं आणि शेवटचा शब्द अक्काचा. चार दिवसांपूर्वी तिच्या मुलाला, अनानेला, झऱ्यापाशी ही मुलगी सापडली होती. गुडघा सुजलेला, पायात काटे, आणि तोंडात एकच प्रश्न, 'तीनबोटी हेच का?' त्याने तिला उचलून आईच्या खोपटात आणून ठेवलं आणि मग मामाला सांगितलं. हा क्रम मामाला अजिबात आवडला नव्हता.

आज सकाळी मामा स्वतः खोपटात आला. दारातून आत येताना टोपी वरच्या आडव्या बांबूला अडली.

"टोपी बाहेर ठेव आणि ये," अक्का म्हणाली.

"अडत नाही ती."

"आत्ता अडली."

मामा ते न ऐकल्यासारखं करून मुलीकडे वळला. ती कोपऱ्यात कसाव्याची भाकरी खात होती. त्याला बघताच तिने भाकरी पाठीमागे लपवली.

"नाव काय?"

"फिबा."

"फिबा, मळ्यावर चाबूक काय गेल्याच आठवड्यात आला का ग? इतकी वर्षं आली नाहीस. आणि आता तह झाल्यावर येतेस?"

"तह झाला म्हणूनच आले."

"म्हणजे?"

"खाली सगळ्यांना कळलंय. डोंगरातल्यांनी गोऱ्यांना वाकवलं. गोरे स्वतः चढून वर गेले आणि आता पुरे करा म्हणाले."

मामाची मान आपोआप ताठ झाली. "कोण म्हणालं असं?"

"मालक. जेवायला बसला होता. मी वारा घालत होते."

"नेमकं काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग."

"म्हणाला, आपल्या राजाने त्या डोंगरी सैतानांपुढे गुडघे टेकले."

"सैतान म्हणाला?"

"दोनदा. मग ताट फेकलं."

मामाला बरं वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं उघड दिसलं, की अक्काने तोंड फिरवून चुलीत उगाच फुंकर घातली.

"मग आम्ही म्हटलं," फिबा म्हणाली, "आता वाट मोकळी झाली."

मामा भानावर आला. "पोरी, लढाई चालू होती तोवर वाट मोकळी होती. येईल त्याला आम्ही घेत होतो. आता आम्ही जिंकलोय. जिंकलो म्हणून वाट बंद झाली." बोलताना ते आपल्यालाच कसंसं ऐकू येतंय हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. तरी ते सुधारलं नाही.

तो बाहेर आला. अक्का पाठोपाठ आली.

"कलम स्वच्छ आहे, अक्का. तहानंतर जो कुणी पळून येईल त्याला परत करायचं. मी शपथ घेतलीये. रममध्ये रक्त घालून प्यालोय."

"तो गोराही प्याला. त्याला वाटलं रमच वाईट आहे."

"चेष्टा नको करूस." मामाचा आवाज खाली आला. "त्यांनी आपली रताळ्यांची शेतं तीनदा जाळली. तिसऱ्या वेळी माझी दोन पोरं गेली. गोळीने नाही, भुकेने. तू आणि मी मिळून पुरलीत ती. आता शेतं आपली आहेत, कागदावर आहेत. एका अनोळखी मुलीसाठी मी ते सगळं परत जाळून घेऊ?"

ती दोन पोरं अक्काच्याही हातची होती. न्यार्को टोपीमुळे बावळट दिसत असला तरी बावळट नव्हता, आणि तो घाबरला होता ते स्वतःसाठी नाही, हे तिला कळत होतं. म्हणूनच त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "कधी देणार?"

"सणाच्या दिवशी नको. उद्या सकाळी टॉलिव्हरच्या ताब्यात देतो."

"मग आजचा दिवस तरी तिला बाहेर येऊ दे. सगळ्यांना पाणी वाढेल. चार दिवस कोंडून बसलीये बिचारी."

मामाने मोठ्या मनाने मान डोलावली. मोठं मन दाखवायला त्याला एवढीच जागा उरली होती.

*

तिकडे बेनेबामामी टॉलिव्हर साहेबाला उकडलेली केळी नेऊन देत होती. तहावर साऱ्या गावात मनापासून खूश असेल तर ती मामीच. साहेबाने सहीचा कागद दिला की खालच्या बाजारात जाऊन तंबाखू आणि डुकराचं मांस राजरोस विकता येणार होतं. वीस वर्षांपूर्वी तिच्या आईने जो बाजार अंधारातून ओलांडला होता, त्यात मामीला दिवसाढवळ्या घासाघीस करायची होती. या एका इच्छेपोटी ती साहेबाचे पाय लिंबाच्या रसाने धुऊनही देत असे.

"कॅप्टनच्या पत्नी," टॉलिव्हर म्हणाला. तो मामीला असंच म्हणे, आणि मामीला ते गोड लागे. "काल मळ्यावरून पत्र आलंय. तीन गुलाम पळाले आहेत. व्हीनस नावाची एक बाई, आणि टायटस आणि पॉम्पी असे दोन पुरुष."

"पुरुषांचं माहीत नाही," मामी म्हणाली. "बाई आमच्या वन्संच्या खोपटात आहे. स्वतःला फिबा म्हणवते."

टॉलिव्हरला हुशारी वाटली. आतापर्यंत गव्हर्नराला पाठवलेल्या दोन्ही अहवालांत त्याने हवामान लिहिलं होतं. आता पहिल्यांदाच काहीतरी घडलेलं लिहायला मिळणार होतं. "आज एकीवर भागेल," तो म्हणाला. "आणि तुमच्या बाजाराचा कागद मी उद्याच करून देतो."

हे सांगून आपण काही वाईट केलं असं मामीला वाटलं नाही. मुलगी कुठे आहे ते गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

*

याबाचं थडगं चिंचोळ्या माळावर आहे. तिथला रिवाज असा. घरातला प्रत्येक मोठा माणूस वयाच्या क्रमाने पुढे येतो, भोपळ्याच्या पळीतून थडग्यावर रम ओततो आणि आपण किंवा आपलं माणूस वर कसं आलं ते सांगतो. मग घरातली थोरली बाई विचारते, "कुणाकडे आलास?" तो म्हणतो, "याबाकडे." आणि जमलेले सगळे एका आवाजात जबाब देतात, "आलास तो घरी आलास. बस, जेव." हे सगळं जुन्या, समुद्रापलीकडच्या भाषेत. जबाब मिळाला की माणूस बसतो आणि त्याला मांस मिळतं. एकदा जबाब झाला की तो माणूस याबाबरोबरच आला, असं आम्ही धरतो. मधली वर्षं विचारात घेत नाहीत.

ऐंशी वर्षं हे चाललंय. आमच्यातलं लहान पोरही झोपेत तो जबाब देतं.

अनाने लिंबाच्या झाडाखाली बसला होता आणि त्याला कधी नव्हे इतकी भूक लागली होती. तह झाल्यापासून त्याला उद्योग नव्हता. शिंग फुंकून या डोंगरावरून त्या डोंगरावर निरोप धाडायचं त्याचं काम होतं, आणि आता धाडण्यासारखा निरोप उरला नव्हता. कबाबचिनीच्या लाकडावर दोन रानडुकरं पहाटेपासून शेकत होती. धूर थेट त्याच्या नाकात येत होता. आणि आई आज आवरतच नव्हती.

एरवी मान्साअक्का याबाची गोष्ट चार वाक्यांत उरकत असे. आज तिने मालकाच्या होडीपासून सुरुवात केली. होडीला किती वल्ही होती ते सांगितलं. मालकाची बायको कशी ओरडत होती ते ओरडून दाखवलं. मग याबाच्या पाच मुली, त्यांचे नवरे, त्या नवऱ्यांच्या खोडी. सूर्य डोक्यावर आला. पोरं रडायला लागली. न्यार्कोमामाचं पोट इतक्या मोठ्याने गुरगुरलं की टॉलिव्हर साहेबाने, जो बाजूला एकटा खुर्चीवर बसला होता, आभाळाकडे बघितलं.

एकेकजण पुढे जाऊ लागला. मामीच्या आईने गिरणीची गोष्ट सांगितली, जबाब मिळाला, तिने मांस घेतलं. अनानेने बापाची उडी सांगितली, जबाब मिळाला. पण अक्का प्रत्येकाला मध्येच थांबवून काहीतरी विचारत होती. तुझ्या बापाने उडी डाव्या अंगाने मारली की उजव्या? लोकांना आता जबाब द्यायची इतकी घाई झाली होती, की "याबाकडे" पुरतं व्हायच्या आतच ते ओरडत होते. त्यात सगळ्यांत मोठा आवाज मामाचा. वीस वर्षं डोंगरांत हुकूम सोडून त्याचा आवाज तसाच झाला होता.

शेवटचा माणूस बसला. सगळे हुश्श करून मांसाकडे वळले.

फिबा पाणी वाढत वाढत थडग्याशी आली होती. अक्काने तिच्या हातातला माठ काढून घेतला, पळी दिली आणि तिचा दंड धरून तिला पुढे उभं केलं.

"ओत," ती हळूच म्हणाली.

फिबाने रम ओतली.

"कुणाकडे आलीस?" अक्काने मोठ्याने, त्याच लयीत विचारलं.

"याबाकडे." अक्काने जुन्या भाषेतला हा एकच शब्द तिला रात्रभर घोकायला लावला होता.

आणि आमच्या घरातल्या त्रेसष्ट माणसांनी, डुकराकडे बघत, एका आवाजात जबाब दिला, "आलीस ती घरी आलीस. बस, जेव."

सगळ्यांत मोठ्याने न्यार्कोमामाने दिला.

अनानेच्या लक्षात आलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं. त्याने आईकडे पाहिलं. ती केळीच्या पानावर मांसाचा चांगला मोठा तुकडा ठेवून फिबापुढे करत होती.

"हे धरायचं नाही!" मामा ओरडला.

"का?"

"मी सवयीने म्हणालो!"

"दरवर्षी तू सवयीनेच म्हणतोस. मी रम ओतली तेव्हा काय विचार करून म्हणाला होतास?"

"अक्का, तू मुद्दाम केलंस. सगळ्यांना उपाशी ठेवलंस. म्हणे वल्ही किती होती!"

"सहा होती. आणि उपाशी माणसाने दिलेला जबाब याबाला चालत नाही, असं असेल तर लढाईच्या वर्षांतले सगळेच जबाब काढून टाकावे लागतील."

बेनेबामामी उठली. बाजाराचा कागद तिच्या डोळ्यांसमोरून वाहून चालला होता. "एवढं काय त्यात? पुन्हा विचारा वन्सं. या वेळी कुणी काही बोलू नका, म्हणजे झालं."

दोन-चार माना डोलल्या. मामाची तर लगेच. सूचना व्यवहारी होती.

"हो, तसं करता येईल," अक्का म्हणाली. "म्हणजे दिलेला जबाब परत घेता येतो, असं आज ठरवू. मग कुणाकुणाचे घ्यायचे तेही बघू. माझ्या आजीचा घेता येणार नाही, ती याबाचीच मुलगी. अनानेच्या बापाचा घ्यायला तो जिवंत नाही. आपल्या घरात सगळ्यांत नवे कोण, बेनेबा? वीसच वर्षं झालेले?"

मामीच्या आईने मांस चघळणं थांबवलं. दात नसल्यामुळे ते तोंडातच राहिलं. तिने लेकीकडे असं पाहिलं की मामी मटकन खाली बसली.

"वन्सं म्हणतात ते बरोबर आहे," मामी म्हणाली.

"कधीपासून?" मामाने विचारलं.

"आत्तापासून. दिलेला जबाब दिला. माझ्या आईला याबाने बसवलंय, तिला कोण उठवतं ते मी बघते."

एवढ्यात टॉलिव्हर साहेब खुर्ची सोडून आला. जुन्या भाषेतलं त्याला काही कळलं नव्हतं. सगळे मिळून काहीतरी ओरडले आणि त्याची पळालेली बाई जेवायला बसली, एवढंच त्याने पाहिलं होतं.

"कॅप्टन, काही अडचण आहे का? ही बाई उद्या सकाळी माझ्याकडे येणार आहे ना?"

न्यार्कोमामा उभा राहिला. आता सगळं त्याच्यावर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या झाडामागे लपायचं ते त्याला सुचत नव्हतं. हो म्हणावं तर याबासमोर, सगळ्या घरादेखत, स्वतःच्या तोंडाने दिलेला शब्द मोडायचा. त्या थडग्याशेजारीच त्याची दोन पोरं निजली होती. त्यांनीही ऐकला असेल तो जबाब, असं त्याला वाटलं. नाही म्हणावं तर शेतं.

"साहेब," तो म्हणाला, "ही पळालेली नाही."

"नाही?"

"आमच्यातली आहे."

"कधीपासून?"

"याबाबरोबर आली."

"आणि ही याबा कधी आली?"

मामाने बहिणीकडे बघितलं.

"चौऱ्याऐंशी वर्षं झाली," अक्का म्हणाली.

टॉलिव्हरने फिबाकडे बघितलं. "ही मुलगी जेमतेम एकोणीस वर्षांची आहे."

"डोंगराची हवा," अक्का म्हणाली. "तुम्हीही राहा जरा. पाय बरे होतील."

"हा तहाचा भंग आहे! मला हे लिहावं लागेल. फौज परत येईल, कॅप्टन. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," मामा म्हणाला. तो बाजूला झाला नाही.

टॉलिव्हरने आधार शोधायला आजूबाजूला पाहिलं. मघाशी लिंबाखाली दहा-बारा तरुण बसलेले त्याने पाहिले होते. आता तिथे कुणी नव्हतं. माळाच्या कडेची झुडपं मात्र मघापेक्षा जरा पुढे आल्यासारखी वाटत होती. कुणी कुणाला हुकूम दिला नव्हता. अनाने आणि त्याच्या सोबत्यांना सहा आठवड्यांनी करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं, आणि त्यांनी ते केलं होतं.

साहेबाने विचार केला. सर्वांत जवळचा किल्ला दोन दिवसांच्या वाटेवर होता. वाट दाखवणारे हेच. जेवण देणारे हेच. आणि आपण सांभाळायला ठेवलेलं सख्य पहिल्याच मुलीपायी मोडलं, असं लिहून पाठवलं तर गव्हर्नर आधी कुणाला दोष देईल, हेही त्याला समजत होतं. त्याने खिशातून यादी काढली. तहाच्या दिवशी गावात असलेल्या माणसांची यादी. मांडीवर दौत ठेवून त्याने तिच्या तळाशी लिहिलं: फिबा, जुनी रहिवासी.

सगळे इतके खूश झाले की मामीच्या आईने साहेबाच्या गालावरून हात फिरवला. मामा भोपळाभर पाणी एका दमात प्यायला. फिबाला आता कुणी परत पाठवणार नव्हतं. अक्काने डोळे पुसले आणि धुराला नावं ठेवली.

पण टॉलिव्हरची लेखणी अजून हातातच होती.

"एक राहिलं," तो म्हणाला. हरलेल्या माणसाला कागदात एखादी ओळ आपल्या बाजूची सापडावी, तसा त्याचा चेहरा झाला होता. "पळालेल्यांना शोधून देणं हे तहातल्या प्रत्येक माणसाचं कर्तव्य आहे. तह तुम्ही पाळता ना, कॅप्टन? मग उद्या सकाळी टायटस आणि पॉम्पी यांच्या शोधाला माणसं निघू देत. आणि तुमची ही जुनी रहिवासी पुढे चालू दे. चेहरे ओळखायला तिचा उपयोग होईल."

"नक्की!" मामा लगेच म्हणाला. सुटका इतकी जवळ आली होती, की त्याने ती दोन्ही हातांनी धरली. "उद्या उजाडताच. दोघांना शोधून देतो, साहेब, शब्द माझा. फिबा, तू ओळख पटव. आता तू आमच्यातली. आमचा तह तो तुझाही तह."

पुन्हा कुजबुज झाली, पण या वेळी समाधानाची. दोन परके पुरुष. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी रम ओतलेली नव्हती. माणसं मांसाकडे वळली.

मान्साअक्का मात्र तशीच बसून राहिली. मुलीला घरात आणलं म्हणजे जिंकलं, असं तिला वाटलं होतं. घराबरोबर तिच्या गळ्यात काय काय बांधलं, याचा तिने चार दिवसांत एकदाही विचार केला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. फिबाकडे बघायचा धीर तिला होईना.

फिबाच्या हातात मांसाचा तुकडा होता. तिने तो अजून तोंडाला लावला नव्हता.

"टायटस माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

खाणारी तोंडं थांबली.

"सख्खा?" मामाने विचारलं.

"एका आईचा."

"म्हणजे मामा," झुडपातून अनानेचा आवाज आला, "ही घरातली झाली. मग हिच्या आईचा मुलगा…"

"तू गप्प बस!" मामाने डोळे मिटले, उघडले, आणि टॉलिव्हरकडे पाठ करून तो तिच्याजवळ वाकला. "बरं. टायटस सापडला नाही असं सांगू. जंगल मोठं आहे. पण तो पॉम्पी तरी…"

फिबाने मांसाचा घास घेतला. सगळ्यांसारखी तीही भुकेली होती, तरी तिने तो सावकाश, नीट चावून खाल्ला. सगळं घर तिच्या जबड्याकडे बघत होतं.

"पॉम्पीपण भाऊच," ती म्हणाली.

"तोही एका आईचा?"

"तोही."

मामाने अगदी हळू, उत्तर ऐकायची इच्छा नसलेल्या माणसासारखं विचारलं, "आणि त्यांच्यामागून अजून कुणी निघालं तर?"

"मामा," फिबा म्हणाली. त्याला मामा म्हण असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. "खाली मळ्यावर आम्ही तीनशे दहा भावंडं आहोत."

मान्साअक्का शेजारी जागा करत चटईवर जरा सरकून बसली.